आळीपाळीने

"काका, मनात आलं की निघायचं. बस्स," टायवाला म्हणाला. "ना चौकशी, ना बुकिंगची कटकट. सकाळी चहा पिता पिता ठरवलं की दुपारी गाडीत. दरवर्षी आठवडाभर हॉटेलातली एक खोली तुमच्या हक्काची. जन्मभर."

टेलर मास्तर मान डोलवत होते. शेजारी त्यांची बायको मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. थंडगार हॉल, गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि एक टायवाला. भिंतीवर समुद्र, समुद्रात खिदळणारी माणसं. इतकं कोण हसतं हो समुद्रात? नाकातोंडात पाणी जातं.

"मुलंबाळं?"

"एक मुलगी होती," मास्तर म्हणाले.

होती म्हटल्यावर माणसाने जरा थांबावं. पण हा बोलण्याचाच पगार घेणारा. "लग्न झालं वाटतं. छान. म्हणजे जबाबदारी संपली, आता राजा-राणी मोकळे."

मास्तरांनी त्याला दुरुस्त केलं नाही. बायकोनेही नाही. मुलगी जाऊन वर्ष होत आलं होतं. जन्मापासून अंथरुणाला खिळलेली पोर. तिला घडीभर एकटं सोडता यायचं नाही, आणि या दोघांशिवाय परक्याच्या हातून ती घासही घ्यायची नाही. ती गेली तेव्हा लोक म्हणाले, सुटली बिचारी, तुम्हीही सुटलात. सांगणाऱ्याचं काय जातं? तेव्हापासून मास्तरांच्या बायकोने उंबरठा ओलांडला नव्हता. मास्तर दुकानात लोकांच्या लग्नाचे कोट शिवायचे आणि घरी जायची वेळ झाली की उगाच आणखी एक काज करायला घ्यायचे. म्हणून तर या सुट्टीच्या योजनेवाल्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी हो म्हटलं. हिला बाहेर काढायचं, कुठेही. एकदा पैसे भरले की ही बाई जीव गेला तरी ते वाया जाऊ देणार नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काकू, तुम्ही काहीच बोलत नाही."

"हे म्हणतील तसं," ती म्हणाली. मग पर्स टेबलावर ठेवत, "खिडकी असते का खोलीला?"

"खिडकी काय, गॅलरी असते. वर नमुन्याची खोली केलीय, बघूनच या ना."

मास्तरांना फार बरं वाटलं. वर्षभरात तिने आपणहून काही विचारलं नव्हतं. "जा," ते म्हणाले, "बघून ये."

ती गेली. मास्तर पर्स सांभाळत बसले. टायवाल्याने त्यांच्यापुढे छापील चित्रं पसरून आणखी थोडा समुद्र दाखवला. ती परत आली तेव्हा जिना चढून-उतरून तिला धाप लागली होती, पण चेहऱ्यावर रंग होता.

"चांगली आहे," ती म्हणाली. "ऊन थेट पलंगावर येतं. जा, तुम्ही बघून या आता. मी बसते."

मास्तर उठले. जिन्यापर्यंत गेलेही.

टायवाला हसला. "अहो काका, हे काय आळीपाळीने? दोघांनी मिळून जायचं ना. मागे कोण रडतंय तुमचं?"

गमतीनेच म्हणाला बिचारा. बोलायची एक रीत असते.

मास्तर जिन्यापाशी थांबले. त्यांनी वळून टेबलाकडे पाहिलं. तीन खुर्च्या, पाण्याचे पेले, पर्स. कोणी मागे बसून राहावं असं तिथे काहीच नव्हतं. बायकोही टेबलाकडेच बघत होती. इतक्या वर्षांत दोघं मिळून कुठे गेलेच नव्हते. लग्नाला ती, तर मयताला ते. ती माहेरी जाऊन आली की मग यांनी भावाकडे जायचं. पोर गेली तरी पायांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायचंही तिला सुचलं नाही. मास्तर येऊन शेजारी बसले आणि त्यांनी आपला रुमाल तिच्या हातात कोंबला.

टायवाला घाबरला. "काकू, माझं काही चुकलं का?"

"नाही हो दादा," ती नाक पुसत म्हणाली. "खोली चांगली आहे तुमची. पण दोघांनी निघायचं म्हणजे घराला कुलूप घालावं लागेल."

"मग घालायचं की."

"आमच्याकडे कुलूपच नाही. कधी लागलंच नाही."

टायवाला अर्धवट हसला. "मग आज काय घर उघडं टाकून आलात?"

"नाही. शेजारच्या वहिनींना बसवून आलेय," ती म्हणाली. "पोरीच्या खोलीत."

आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने समोरचे सगळे समुद्र गोळा करून उलटे ठेवले. कंपनीने शिकवलेलं सगळं त्याचं बोलून झालं होतं, म्हणून जे सुचलं ते तो बोलला. अगदी हळू आवाजात.

"काकू, कुलूप काय, कुठल्याही दुकानात मिळतं."

"मिळतं हो," मास्तर म्हणाले. "घालायचं कोणी, एवढंच आमच्यात ठरत नाहीये."