निळा जोड

जोड पुन्हा निळा पडला होता. कालच्यापेक्षाही गडद.

टायटॅनियमच्या वेल्डिंगचा जोड चांदीसारखा उतरला पाहिजे. निळा पडला म्हणजे वितळलेल्या धातूला हवा लागली. असा जोड दिसतो देखणा, पण ताण आला की काचेसारखा तडकतो.

"दोष कुणाचा?" मालक राजमाणिक्कम यांनी विचारलं. "टॉर्चचा की हाताचा?"

कारखान्यातल्या इंजिनिअर कयलविळीने टॉर्चकडे पाहिलं. धातू वितळवून जोडणारा तो टॉर्च तिने बनवलेला होता. दोन वर्षं ती त्याच्यामागे होती. तुवाकुडीच्या त्या कारखान्यात कुणी स्वतःचा प्लाझ्मा टॉर्च बनवला नव्हता. तो फसला तर परदेशी मागवू, असं मालकांनी सकाळीच बजावलं होतं.

आरोक्यसामीने तोंडावरची ढाल वर केली. एकतीस वर्षं तो वेल्डिंग करत होता.

"हाताचा, सार," तो म्हणाला. "थरथरला. वय झालं आता."

"मग स्टोअरमध्ये बसा. चार वाजता बंगळूरची माणसं टॉर्च बघायला येतायत. जोड दुसरा कुणी मारेल."

कयलला हायसं वाटलं. दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली.

दहीभाताचा डबा तिने उघडलाच नाही. टॉर्च खोलून बसली. मधोमध टंगस्टनची सुई, तिच्याभोवती तांब्याचं नोझल, बाहेरून चिनी मातीची टोपी. नोझल आणि टोपी यांच्यामध्ये सहा भोकं. त्यांतून आर्गन गॅस खाली उतरायचा आणि तापल्या धातूवर पांघरूण घालायचा. भोकं तर नेमकी होती. आज तिने गॅसही वाढवला होता. मग निळेपणा वाढला कसा?

तिने फसलेला तुकडा उचलला. हात थरथरला तर जोड वाकडातिकडा होतो. हा दोरी धरून मारल्यासारखा सरळ होता.

म्हणजे हात थरथरलाच नव्हता. देवाच्या फळीवरची उदबत्ती तिने आणली. टॉर्च न पेटवता नुसता गॅस सोडला आणि धूर टोपीजवळ धरला. धूर बाहेर ढकलला जायला हवा होता. तो गरगरत टोपीखाली शिरला. सहा झोतांनी भोवरा केला होता आणि तो बाहेरची हवा आत ओढत होता. जितका गॅस जास्त, तितकी हवा जास्त.

दोन वाजून गेले होते. ती स्टोअरकडे धावली.

"अण्णा, बारीक पोलादी जाळी हवीय. गॅस गाळून, शांत करून खाली सोडायचाय."

आरोक्यसामीने जाळीची गुंडाळी खाली काढली. मग म्हणाला, "किती पदर?"

"तीन."

त्याने कात्रीने तीन गोल चकत्या कापून दिल्या. तिने त्या भोकांखाली बसवल्या. टॉर्च पुन्हा जुळवेपर्यंत चार वाजत आले.

चार वाजता बंगळूरचे पाहुणे येऊन उभे राहिले. कयल मालकांसमोर गेली. 

"सार, दोष टॉर्चचा होता. माझा. दुरुस्ती केलीय, पण करून बघायला वेळ मिळाला नाही."

मालकांनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मग आता कुणाच्या भरवशावर पेटवू?"

"आरोक्यसामी अण्णांच्या हाताच्या."

मालकांनी आरोक्यसामीला बोलावलं. ज्योत सुईसारखी बारीक उतरली आणि पत्र्यावरून सरकत गेली. कयलला बघवेना, तिने डोळे मिटले. ज्योत विझली, गॅस थोडा वेळ वाहत राहिला. मग पाहुण्यांतला एक जण खाली वाकला आणि "वा!" म्हणाला. तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. जोड नव्या रुपयासारखा लखलखत होता.

पाहुणे चहाला गेल्यावर तिने विचारलं, "अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग हाताचं खोटं का सांगितलंत?"

हातमोजे काढत तो म्हणाला, "टॉर्चचा दोष म्हटलं असतं तर टॉर्च भंगारात गेला असता, पोरी. माणसाला निदान स्टोअरमध्ये बसवतात."