गरुडमादीचा हिशेब

पक्ष्यांना मोजता येत नाही, या एका भरवशावर फोटोग्राफरचा धंदा आणि संसार दोन्ही चालले होते. कापडी आडोशात नवरा-बायको दोघं शिरायची. मग लाल रेनकोट घालून बायको एकटीच बाहेर पडायची आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "जाते बाई मी. बसा माझ्या सवतीला न्याहाळत. डबा संपवा."

"हळू बोल, ऐकेल ती," तो आतून कुजबुजायचा.

"ऐकू दे की."

आडोसा रिकामा झाला असं समजून गरुडमादी अगदी समोरच्या खडकावर येऊन बसायची.

मग बायको वारली. रेनकोट उरला. यंदा तो एकटाच आत शिरला आणि बाहेर कुणीच पडलं नाही. मादी दूरच्या सुळक्यावरून हलेना. कितीही दिवस बसला, तरी फोटोत नुसता ठिपका.

शेवटी त्यानं कॅमेरा आपोआप चालेल असा आत लावला, रेनकोटात स्वतःला कसंबसं कोंबलं आणि तो बाहेर पडला.

"जाते बाई मी," तो मोठ्यानं म्हणाला. "डबा संपवा."

हळू बोल, असं आतून कुणी म्हणालं नाही.

फोटो इतके जवळून आले की मादीच्या डोळ्यात आडोसा दिसत होता. आत कुणी नाही, हा तिचा हिशेब पहिल्यांदाच बरोबर आला होता.