करवतीचं झाकण

पंच्याहत्तर साली, करवतीनं उडवलेला लाकडाचा ठोकळा छातीवर बसून आप्पा गेले. तेराव्यानंतर मी घोडनदीच्या त्या वखारीत त्यांची जागा पाहायला गेले. करवतीचं लोखंडी झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, अगदी कोरं.

"चाचा, हे कधीच लावत नाही का?" मी नबीलालचाचांना विचारलं. बारा वर्षं ते आप्पांच्या हाताखाली काम शिकले होते; आप्पांना ते वस्ताद म्हणत.

"तपासणीचा साहेब येतो तवा लावतो. मागं हितल्याच एका कामगारानं, म्हाळूनं, एकदा आपल्याच मनानं लावलं, तर वस्ताद म्हणाले, 'का रं म्हाळू, करवत काय नवी नवरी हाय व्हय, डोक्यावर पदर घ्यायला?' लई हसलो आम्ही. म्हाळूनं तिथल्या तिथं काढून ठेवलं." सांगता सांगता त्यांना पुन्हा हसू आलं.

आप्पा घरीही आम्हाला असंच हसवायचे.

"आता तरी लावा, चाचा," मी म्हणाले. "आता त्या जागी तुम्ही उभे राहता."

त्यांनी झाकणाकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"तेवढं सांगू नगंस, पोरी. बावीस वर्षं वस्तादांनी उघड्या करवतीवर काम केलं. आन् ते जाऊन महिना व्हायच्या आत आम्ही झाकण लावलं, तर लोक म्हणतील, वस्ताद चुकले."