एका अँटेनावर दोघं

आमच्या प्रतिस्पर्धी रेडिओ स्टेशनचा इंजिनिअर मला, म्हणजे आमच्या स्टेशनच्या इंजिनिअरला, म्हणाला, "दादा, आमच्या टेकडीवरच्या टॉवरवर या. दोन्ही एफएम स्टेशनं एकाच अँटेनावरून चालवू. जोडणी कशी करायची ते तुम्हीच ठरवा." माझ्या मनात पाल चुकचुकली. प्रतिस्पर्ध्याला एवढा मान फुकट कोण देतं? चाचणीच्या दिवशी मी सकाळपासून टॉवरखालच्या खोलीत ठाण मांडलं. मीटर माझा, केबली माझ्या, तरी दोन्ही स्टेशनांच्या सिग्नलचे आकडे सारखेच. केबलींची अदलाबदल करून पाहिली, आकडे हलेनात. तो मात्र निवांत चहा पीत होता, म्हणजे पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं. शेवटी दोन्ही स्टेशनं चालू ठेवून मी थेट शहराच्या टोकाला, ताईच्या घरी गेलो. तिच्याकडे आमचं स्टेशन कायम खरखरायचं. "तुझं लागतच नाही रे, म्हणून नाइलाजानं त्यांचं ऐकते," असं ती सात वर्षं सांगत आली होती. मी तिचा रेडिओ आमच्या स्टेशनवर लावला. आवाज खणखणीत. त्यांचं लावलं. तेही तितकंच खणखणीत. पुन्हा आमचं लावून ठेवलं. "अगबाई, किती स्वच्छ येतंय आता!" ताई कौतुकानं म्हणाली. मी चपला घालून फाटकाशी पोचतो न पोचतो, तोच खिडकीतून त्यांच्या निवेदिकेचं हसणं ऐकू आलं. ऑफिसात साहेब माझ्या अहवालासाठी खोळंबले होते. मी लिहिलं, "सामायिक अँटेना आपल्या स्टेशनच्या हिताची नाही." खाली कारणाचा रकाना होता. तिथं लिहिलं, "तांत्रिक."