दंडावरच्या पेशी

हिंगोलीच्या प्रयोगशाळेत देवश्री आणि अपर्णा लेसरनं केसाहून बारीक जाळ्या घडवत. जिच्या जाळीवर पेशी जगतील, ती पुण्याला जाणार होती. पेशी देवश्रीच्याच दंडावरच्या होत्या. तरी त्या अपर्णाच्या जाळीवर गर्दी करायच्या आणि देवश्रीच्या जाळीवर मरायच्या.

"तुझं कातडं बी मलाच भुलून राहिलं की गं!" अपर्णा हसली.

देवश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. अपर्णा जेवायला गेल्यावर तिनं जाळ्यांच्या दोन्ही बश्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

अपर्णाची मघाशी भरलेली जाळी देवश्रीचं नाव लागताच रिकामी झाली होती. अपर्णाचं नाव लागलेली गच्च भरली होती.

"काहून गं, काय झालं?" परतलेल्या अपर्णानं तिचा दंड धरला.

देवश्रीनं हिसडा दिला. हात सुटला, पण कातडी अपर्णाच्या बोटांना बिलगूनच राहिली.