डोळा मिटा!

गावच्या प्रथमोपचार पथकाकडे सरावाचा पुतळा नव्हता, म्हणून वर्ग घेणारी सून सासऱ्यांनाच सतरंजीवर आडवं करायची. ते बेशुद्ध पडायचे अगदी झकास. फक्त कोण चुकतंय, छाती दाबताना कोणाची कोपरं वाकतायत ते बघायला हळूच एक डोळा उघडायचे.

"मामंजी, डोळा मिटा!" ती दर वेळी दटावायची.

आज ते वर्गाच्या दारातच कोसळले, तसे सगळे हसले. तीही हसली. पण डोळा काही उघडेना.

मग तिने आणि वर्गातल्या सुताराने आळीपाळीने छाती दाबली. हात भरून आले तरी थांबले नाहीत. अँब्युलन्सवाल्यांनी येऊन शॉक दिला, आणि कितीतरी वेळाने एक डोळा किलकिला झाला.

"सुताराची कोपरं... वाकली असतील," मामंजी पुटपुटले.

तिने त्यांचा हात धरला. "बघा, मामंजी. खुशाल बघा!"