झऱ्याचं पहिलं पाणी

गावात सगळ्यांत नवं बिऱ्हाड असेल त्यानं झऱ्याचा पहिला पेला भरायचा, ही त्या गावची जुनी रीत. यंदाचं नवं बिऱ्हाड म्हणजे कल्याणी. दगडी कुंडापाशी ती नटूनथटून उभी होती, आणि कॉव्हेंट्रीहून सकाळीच सासूबाईंना घेऊन आलेली तिची मोठी जाऊ धम्मशीला गर्दीत उभी राहून जळत होती.

जळेल नाही तर काय! इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या या गावात दगडी घर घेऊन हिला वर्ष झालं नाही, तर गोरे शेजारी हिला नावानं हाक मारतात. धम्मशीलाचं अर्धं आयुष्य कॉव्हेंट्रीत गेलं, तिला कधी कुणी घोटभर पाणी विचारलं नाही. त्यात सासूबाई. द्रौपदीबाईंना सांभाळायचं धम्मशीलानं, गुडघ्यांना तेल लावायचं धम्मशीलानं, आणि त्यांच्या तोंडी सदा कल्याणीच्या गावाचं कौतुक. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तशी धाकटी सूनही दुरून साजरी.

कुंडामागे ओल्या मातीच्या फळीवर पाकळ्या दाबून गावानं भलंमोठं चित्र केलं होतं. झरा आटला नाही म्हणून दरवर्षी त्याचे असे आभार मानायचे. द्रौपदीबाईंचं चित्राकडे लक्षच नव्हतं. त्यांची नजर पाण्यावरून हटेना. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला यांनी शिवायचं नव्हतं; कुणी दया येऊन वरून ओतेल तेव्हा खाली ओंजळ धरायची. दोन्ही सुनांना हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

कल्याणीनं पेला भरला, पण तोंडाला लावला नाही. चार लोकांदेखत तो सासूपुढे धरला.

"आई, पहिलं पाणी तुमचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धम्मशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. हे आपल्याला सुचलं नसतं का? घर हिचं, गाव हिचं, आता सासूही हिचीच झाली.

द्रौपदीबाईंनी पेला घेतला आणि पाणी परत कुंडात ओतून टाकलं. टाळ्या थांबल्या.

"लोकांनी दिलेलं लई प्याले, पोरी," त्या म्हणाल्या. "आज मला पाजू दे."

काठी कल्याणीच्या हातात देऊन त्या वाकल्या. मनगटापर्यंत हात बुडवून त्यांनी आपला पेला आपण भरला आणि सांडत सांडत थेट थोरलीपुढे आणला.

"पी," त्या म्हणाल्या. "मला रोज पाणी तूच देतीस."